मोजणी

दुलामसुरेनच्या तंबूमागे मी मेलेली जनावरं मोजतोय.
एकशे बारापाशी चुकलो. पुन्हा पहिल्यापासून.
शाळा बंद आहेत, म्हणून मास्तरांना हे काम.
रकाने सरकारी : मेंढ्या, शेळ्या, घोडे, उंट.
कारण आधीच छापून आलंय : झूद, लोखंडी.

कारण खरं तर एक दुपार होती,
फेब्रुवारीतली, अवेळी उबदार.
पोरांनी टोप्या भिरकावल्या.
म्हातारा चोयदोग दाराशी गुडघे शेकत म्हणाला,
आभाळाला दया आली.
बर्फ वरवर वितळला, गवतात झिरपला.
रात्री पारा उणे एकेचाळीस.
सकाळी सगळं माळरान काचेखाली,
गवत दिसत होतं, काडी न् काडी दिसत होती,
आणि मेंढ्यांची तोंडं रक्ताळलेली.

पाणी कुणाचं वाईट चिंतत नाही.
चिंततच नाही.

दुलामसुरेन शेवटचा कोंडा कोमट चहात कालवून
एका आडव्या पडलेल्या मेंढीला भरवत होती.
मी म्हटलं, ही संध्याकाळ बघणार नाही,
उभ्या आहेत त्यांच्यासाठी ठेव.
तिने मान वर केली नाही.
म्हणाली, हळू बोल, तिला ऐकू जाईल.

रात्री तंबूत शेणीचा धूर,
एक पोरकं कोकरू,
आणि एक मेंढी, जिचं पिल्लू
माझ्या यादीत सत्तेचाळिसावं होतं.
दुलामसुरेन तिच्या कानाशी गात बसली :
तोइग, तोइग, तोइग.
या गाण्याला शब्द नाहीत,
हे परकं मूल पदरात घेण्यासाठी आळवणं आहे,
तिच्या आजीच्याही आधीपासूनचं.
मेंढीने कोकरू हुंगलं. लाथ मारली.
तोइग, तोइग.
पुन्हा लाथ.

मी बॅटरी धरून होतो. हात बधिर.
नववीच्या वर्गाला मी दरवर्षी सांगतो :
उष्णता गरमाकडून गाराकडे जाते,
आपोआप उलटी कधीच नाही.
फळ्यावर बाण काढतो. पोरं बाण उतरवून घेतात.

कोकरू थरथरायचंही थांबलं
तेव्हा तिने अंगरख्याचे बंद सोडले,
ते ओलं, चिकट अंग
आपल्या सुरकुतलेल्या पोटाशी धरलं
आणि दात वाजत असताना गातच राहिली.
बाण तोच होता. दिशा तीच.
तिच्याकडून त्याच्याकडे.
नियमाने तिला अडवलं नाही,
मदतही केली नाही.
बंद तेवढे तिने सोडले होते.

बाहेर गेलो तर तारे इतके स्वच्छ
की शिवी द्यावीशी वाटली.
दिली. वाफ झाली, मिशीवर गोठली.

पहाटे मेंढीने लाथ मारली नाही.
पाजलंही नाही.
नुसती उभी राहिली, कोकराकडे पाठ करून,
आणि ते तिच्या मागच्या पायांत धडपडत शोधत होतं.

मला पुढच्या वस्तीवर जायचं होतं.
एकशे बारा की तेरा, अजून नक्की नाही.
दुलामसुरेनने सहीऐवजी अंगठा दिला,
शाई गोठलेली, म्हणून
बाटली आधी काखेत धरून बसली थोडा वेळ.