अर्धी गुंज

गुजरीत बाबांच्या पेढीवर मी खडे बसवतो.
पुष्कराज, गोमेद, अमेरिकन डायमंड, येईल ते.
चिमट्यात धरायचा, कोंदणात सोडायचा,
काठ दाबत दाबत आणायचा.
एवढं मला येतं.

चांदी मात्र माझ्याकडं देत नाहीत.
हात लागला की पैंजण दोन दिवसांत काळं.
तापसदा म्हणतो, तुझ्या घामात दिघ्याचा समुद्र आहे.
समुद्र कुठला, सिस्टिक फायब्रोसिस.
पण ते नाव पेढीवर कुणाच्या जिभेला वळत नाही,
म्हणून सगळे विचारतात,
काय, खारटपणा कसाय आता?

पाडव्याच्या गर्दीत तीन दिवस
बाटलीकडं बघणं झालं नाही.
चौथ्या दुपारी
जंतरीच्या भोकातून तार ओढतात ना,
बारीक, मग अजून बारीक,
तशी कुणीतरी ओढली, पाठीतून जांघेपर्यंत.
हातातला गोमेद कुठं गेला माहीत नाही.
अजून सापडलेला नाही.

सीपीआरमध्ये सोनोग्राफीवाले म्हणाले,
डावीकडं, चार मिलिमीटर.
बाबांच्या तोंडून सवयीनं गेलं, "पैलू?"
मग तेच इतके ओशाळले
की कळ विसरून मी हसलो,
आणि हसलो म्हणून खोकलो,
आणि खोकलो म्हणून ती तार पुन्हा.

मालूआत्या म्हणाली मीठ तोड, पानफुटीची पानं चाव.
सुभान म्हणाला दोन बियर मार भावा, खडा थेट पंचगंगेत.
छापील कागदावरही होतं, मीठ कमी करा.
पुण्याच्या मॅडम फोनवर ओरडल्या,
तो कागद इतरांचा आहे!
तू मीठ सोडलंस तर मे महिन्यात रस्त्यावर आडवा होशील.
मीठ खा. पण त्यावर पाणी पी, पी, पी.
आईनं ती ओळ काजळाच्या पेन्सिलीनं खोडली
आणि कागद फ्रिजवर लावला.

अजून एक मॅडमनी विचारलं.
जेवणाआधीच्या कॅप्सूल?
पांढरा रस्सा चार वाट्या, कॅप्सूल शून्य,
मी खरं सांगून टाकलं.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, न पचलेली चरबीसुद्धा खडे घडवते.

म्हणजे आतही एक कारागीर बसलाय.
मला न विचारता, मजुरी न मागता,
रात्रपाळी करणारा.

आता बाटलीवर आईच्या नेलपॉलिशच्या रेघा आहेत.
अकरापर्यंत इथं, जेवणापर्यंत तिथं.
लिंबू, चिमूटभर मीठ, थोडी साखर.
तहान लागायची वाट बघायची नाही,
माझी तहान खोटं बोलते,
मीठच निघून गेलं तर तिला कळणार कशावरून?
आणि मोरीत मी कस बघतो.
बावीस कॅरेट आलं की लगेच एक तांब्या,
चौदाच्या खाली उतरलं की ठीक.
पिढ्यान्‌पिढ्या पिवळ्याच्या मागं असलेल्या घरात
मला एकट्याला हिणकस चालतं.

सहाव्या रात्री चहाच्या गाळणीत
टिच् असा आवाज झाला.
तपकिरी, काटेरी, एका बाजूनं चमक.
एवढंसं.
मी मोरीच्या फरशीवर बसून राहिलो.
नेब्युलायझर आत घरघरत होता, बंद करायचा राहिलेला.

सकाळी शटर अर्ध्यावर असतानाच
बाबांनी तो काट्यावर ठेवला.
पंखा बंद केला, श्वास धरला,
माझं वजन दवाखान्यात करतात तेव्हा धरतात तसा.
शून्य दशांश शून्य सहा.
"अर्धी गुंज," ते म्हणाले,
काट्यापेक्षा त्यांचा गुंजांवर विश्वास.
गुलाबी कागदाची पुडी बांधली, लॅबला पाठवायची म्हणून,
आणि हात आपोआप वहीकडं गेला.
जमा की खर्च?
पेन तसंच धरून ते माझ्याकडं बघत राहिले.

मग वही मिटून म्हणाले,
अकरा वाजून गेले.
रेघेला अजून दोन बोटं आहेत.