पाणी भरणे

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या माळ्यावर
एसी बंद पडला तेव्हा भाड्यानं कूलर आणला
आणि निशिगंधानं बोर्डावर कार्ड टाकलं:
कूलरमध्ये पाणी भरणे. रोज. सकाळी नऊ.
जबाबदारी: रहांगडाले.

रहांगडालेंना लॉगिन नाही.
ते साडेआठलाच पाइप लावून
वाळ्याच्या ताट्या भिजेपर्यंत उभे राहतात,
मग जिन्यात बसून डबा उघडतात.

कार्ड मात्र 'करायचं'च्या रकान्यातच.
नऊ वाजून एक मिनिटानं लाल.
बाहेर सेहेचाळीस, आत चार बग,
आणि आठवड्याच्या अहवालात सगळ्यात वर
टीमचं सर्वांत रखडलेलं काम: पाणी.
"हा रहांगडाले कोण? परफॉर्मन्स बघा त्याचा,"
पुण्याहून कुणी म्हणालं.
मी म्यूटवर होतो.

एकदा ते माझ्या खुर्चीमागे थांबले.
"साहेब, हे माझंच नाव हाये ना? लाल कायले?"
उशीर झाला म्हणतंय, मी म्हटलं.
"कोन म्हनते?"
त्यांनी कूलरकडे पाहिलं.
"पानी तं भरून राहिलो ना मी."

त्या रात्री त्यांची एकेचाळीस कार्डं
मी एकेक करून 'झालं'मध्ये ओढली.
ओढता ओढता माझं एक, न झालेलं,
तेही गेलं. परत आणलं नाही.

सकाळी टेबलावरचे कागद
ओल्या वाळ्याच्या वाऱ्यानं फडफडत होते.
नऊला कार्ड पुन्हा उगवलं,
पांढरं.
माझ्याकडे एक मिनिट होतं.