डावी कड

गावात विचारतात, "रेवनाथ, तू तिकडं खेये तरी काय गा?"
मी म्हणतो, विंगर.
"म्हंजे कोन?"
धुऱ्यानं पळणारा.
मधल्या वावरात ज्याला शिरायचं त्याला शिरू द्यायचं,
आपण आपला धुरा सोडायचा नाही.
एवढं त्यांना कळतं.
बर्फावर, म्हटलं की हसतात.

आर्वीपासून अकरा किलोमीटर, मे महिना.
डांबर चपलेला धरून ठेवतं,
हँडपंपाखालच्या चिखलात कुत्रं पोट टेकून पडलंय,
आणि मी पोट्ट्यांना सांगतोय
की तळं असं गोठतं, वरून ट्रक जातो.
गणपत न्हावी वस्तरा थांबवतो:
"हळू फेका मेजर, कान कापला जाईन."

भरती झालो तेव्हा थंडी म्हणजे
रात्रीच्या लाइटीत गव्हाला पाणी देणं, इतकंच ठाऊक.
लेहला पहिल्या सकाळी नाकातले केस तारेसारखे ताठ झाले.
रिग्झिन उस्तादानं बुटांखालची पाती तपासली,
पाठीवर एक थाप मारली
आणि चहा प्यायला निघून गेला.
पहिल्या आठवड्यात मी एकशे सहा वेळा पडलो.
मोजत तोच होता, खिडकीतून.

डवऱ्यामागं चालून वाढलेले पाय माझे,
मातीला विचारून पुढं पडायचे.
बर्फ काही बोलत नाही.
त्याच्या न बोलण्याची सवय व्हायला दोन हिवाळे गेले.
मग एका दुपारी, कसं कोण जाणे,
उजव्या पायाची आतली धार लागली,
गुडघा थोडा वाकला,
आणि फळीलगतची ती तीन हात रुंद पट्टी
माझ्या नावावर झाली. सातबारा नसलेली.

नऊ मोसम खेळलो.
मोसम म्हणजे अर्धा डिसेंबर, पुरा जानेवारी,
आणि फेब्रुवारीतले ऊन देईल तितके दिवस.
पगार हवालदाराचा, वर अंडी आणि दूध.
गोल चौदा.
दिलेले पास कुणी लिहून ठेवले नाहीत,
मला पाठ आहेत.
वरचे दोन दात गुलमर्गला राहिले.
बेबीनं फोनवर विचारलं, "तोंडात काय हाये?"
म्हटलं, शेंगदाणा.
सुट्टीवर येईतो तो शेंगदाणा पुरवला.

शेवटच्या सामन्याला ऊन लवकर आलं.
बर्फावर पाण्याचा पापुद्रा,
त्यात डोंगर उलटे.
स्तान्झिननं मधून चकती सोडली, नेहमीसारखी, न बघता,
मी डावीकडून सुटलो, समोर कुणी नाही,
गोलकीपरही आडवा पडलेला,
आणि चकती माझ्यापासून हातभर अलीकडं
पाण्यात बसली. म्हशीसारखी.
मी काठी लांब केली. गुडघ्यात काही तरी
ओल्या फांदीसारखं मोडलं, आवाज न करता.
शिट्टी झाली. पुढच्या वर्षी खेळू, म्हणाले.

आता आर्वीच्या बर्फ कारखान्यात रात्रपाळी.
लोक म्हणतात, नशीब पाहा, बर्फानं पिच्छा सोडला नाही.
हा बर्फ तो नव्हे.
याच्या पोटात हवा अडकलेली, पांढरा, अमोनियाचा वास,
तो काळा असायचा, खाली तळातले गोटे दिसायचे.
पण बोट लावलं की दोघंही तेच करतात,
चामडी धरतात, जरा वेळानं सोडतात.

पहाटे गिऱ्हाईक लागतं.
गोळेवाले, मासळीवाल्या, लग्नाचे आचारी,
कधी कुणी गप्प माणूस, चार लाद्या मागतो,
मुलगी भोपाळहून निघालीय, म्हणतो,
त्याच्याकडून आम्ही पैसे मोजून घेत नाही.

काल वीज गेली होती. फरशी ओली.
दाराशी हमीद, बैलगाडीएवढी त्याची सावली,
मी आकडा लावला, लादी डाव्या भिंतीकडं घेतली,
दोन पावलं तिच्यासोबत पळालो, तिसऱ्याला गुडघा बोलला,
सोडून दिली.
ती भिंतीच्या कडेकडेनं गेली, एक खड्डा चुकवत,
हमीदनं न बघता पायानं अडवली
आणि भुसा टाकू लागला.

"काय झालं मेजर?"
काही नाही, म्हटलं. दुसरी पाठवतो.