पान जागेवर नाही

रात्रीचे सव्वादोन. इंदिरानगर.
प्रोसेसरने एक पत्ता मागितला
आणि तिथं पान नव्हतं.

हरवलं नव्हतं. मीच धाडलं होतं
ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत, कामाला;
जागेवर ठेवली होती नुसती खूण,
की इथलं पान सध्या तिकडे आहे.
याला फॉल्ट म्हणतात. चूक कुणाचीच नसते.

पंचवटीत विश्वंभरकाका गायधनींच्या माडीवर
हेच पाहिलं होतं:
मेहकरहून आलेला माणूस, पणजोबांचं नाव शोधणारा,
लाल बासन सुटलेलं, वही उघडलेली,
आणि नेमक्या त्या पानाजागी चिठ्ठी, "दत्तूकडे."
पोरगं सायकलवर टांग टाकून पुलापलीकडे गेलं.
माणूस थांबला. चहा आला.

माझं पान मात्र येत नाही.
कर्नल म्हणतो, कुणीतरी धरून ठेवलंय,
धरलेलं पान हलवता येत नाही.
मोजतो: धरणारे दोन. असायला हवा एक.
पुन्हा मागणी, पुन्हा नकार, पुन्हा तोच पत्ता,
गार झालेली कॉफी, समोरच्या गच्चीवर टाकी भरून वाहतेय
आणि कुणी मोटार बंद करत नाही.

साडेचारला दिसलं.
पान शोधायला निघालेल्या माझ्याच फंक्शनने
आधी त्याचा कोपरा चिमटीत धरला होता,
न निसटावं म्हणून.
मोजताना तो हात वजा करायचा राहिला.

एक ओळ बदलली.
पान आलं. प्रोग्रॅम त्याच सूचनेवरून पुढे गेला,
आपण थांबलो होतो हे त्याला ठाऊकही नाही.

मेहकरच्या माणसाला निदान चहा आठवत असेल.