धुऱ्यावरचा राखणदार

उपकेंद्रात एकतीस वर्षं लसींचा फ्रिज सांभाळला.
त्याच्या शेजारी स्टॅबिलायझर, लोखंडी, पिवळा.
लाइन खालीवर झाली की आत टक्‌ वाजायचं.
गोवराच्या कुप्यांना त्याचं काही नव्हतं.

मग रिटायर झाले,
आणि फंडाच्या पैशातून नागपूरहून अ‍ॅम्प्लिफायर आणला,
दोन स्पीकर, तबकड्यांचं मशीन.
सिंदेवाहीपर्यंत एस.टी.त मांडीवर धरून आणला,
खड्डा दिसला की आधी मीच अधांतरी व्हायची.
गाव म्हणालं, सिस्टरबाईला म्हातारपणी चळ लागला.
लागला.

इथं लाइनीचा नेम नाही.
संध्याकाळी एकशे साठ, बल्ब पिकल्या टेंभरासारखा.
रात्री दोनला धानाचे पंप बंद होतात,
आणि साऱ्या शिवाराच्या वाटणीचं
झोपलेल्या घरांत घुसतं.
चारला जरा ताळ्यावर येते. तेव्हा मी ऐकते.

सवयीनं पिवळाच डबा लावला
(भंगारात घेतलेला, पावती आहे),
आणि सारंगी.
मींड अर्ध्यात आली असेल नसेल,
टक्‌.
डोळा लागलेल्या लेकराच्या दंडात
सुई टोचावी तसं. मीच टोचल्यासारखं वाटलं.
आणि डग्गा तर असा बसलेला,
की घसा तपासावा.

बिसन कुमरे खांबावरून उतरून तसाच आला.
त्याच्या दोन्ही पोरी माझ्या हातच्या.
डबा पाहून हसला.
"बाई, हा तं वाटंतच बसला.
राखणदार धुऱ्यावर पाह्यजे.
धानात उभा केला तं तोच धान तुडवन."

खिशातून निळी चकती काढली,
पोलिओच्या कुपीच्या झाकणाएवढी.
फ्यूजच्या पुढं, फेज आणि न्यूट्रलला धरून बसवली,
वाटेत नाही, वाटेला लागून.
"एरवी हे झोपून राह्यते.
डुक्कर घुसलं का उठते, सारं आंगावर घेते."
"आणि मग?"
"मंग का. दर खेपेला थोडी मरते.
वरून दिसत नाई. दोन पावसाळ्यांनी बदलाची."

चहा निवेपर्यंत मी दुसरी चकती
हातात घेऊन बसले होते.

टक्‌ गेलं. डग्गा मोकळा झाला.
उरली घुंई, बारीक, डास कानाशी असावा तशी.
त्यासाठी परसात खड्डा: कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी.
चैतात माती सुकली की घुंई चढते,
म्हणून चौथ्या दिवशी दोन बादल्या पाणी.
पार्बताबाई कुंपणावरून पाहते.
"का लावलं वो तिथं? काई तं उगवत नाई."
काय सांगू.
वांग्यांना घालून उरलं, म्हणते.

आभाळ वाजलं की मात्र चकतीवर विसंबत नाही.
प्लगच काढते, अंधारात बसते.
बिसनच म्हणाला, इजंपुढं कोणाचीच राखण नाई.

पोळ्याच्या पहाटे डीपीवर न्यूट्रल तुटला.
बैल धुवायला उठलेल्यांनी पाहिलं,
बल्ब आधी पांढरेफटक, मग नाहीतच.
गोटेफोड्यांचा टीव्ही गेला, शाळेतला कॉम्प्युटर,
देवळाचा भोंगा.
माझ्याकडे एकदाच फट्‌.
जळक्या रबराचा वास, आणि सारंगी मध्येच थांबलेली.

उजाडल्यावर झाकण उघडलं.
फ्यूज उडालेला. चकती काळी, दुभंगलेली,
अजून कोमट.

लसींचं एक कोरं रजिस्टर घरी होतं.
त्यात तारीख लिहिली, वेळ चार बावीस,
मात्रेच्या रकान्यात एक,
शेऱ्यात: बदलली.
बिसनला फोन केला, येताना चार आण,
एक शाळेला लागेल.

मग तबकडी पुन्हा पहिल्यापासून.
सुरू होण्याआधी
गज तारेला टेकतो त्याचाही आवाज येतो,
हे मला या वयात कळलं.