डावीकडची दाढ

फॉर्मवर मी लिहिलं: शार्दूल गवाणकर, वय नऊ.
काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं,
माझ्या आजूबाजूला पाहिलं.
"ताई, दाढ कोणाची दुखतेय?"

माझी.
गेल्या गणपतीपासून.
म्हणजे मोदकातलं खोबरं आत जाऊन बसलं तेव्हापासून,
आणि आता कन्नमवार नगरात
पुढच्या गणपतीचे बांबू येऊन पडलेत.

मधे लवंग होती.
मधे मिठाच्या गुळण्या, मधे उजवीकडूनच चावणं,
त्याची इतकी सवय झाली की वाटायचं
भाकरीला एकच बाजू असते.
मधे सासूबाईंचा मोतीबिंदू,
लिफ्टच्या दुरुस्तीचे साडेसहा हजार,
शार्दूलच्या दातांना तार.
ती लगेच, त्याच आठवड्यात, याच दवाखान्यात.
मी बाहेर याच खुर्चीवर बसले होते
गाल धरून.
दर वेळी दाढ विचारायची, आता?
दर वेळी मी म्हणायचे, थांब गं जरा.

माझ्या आईचे दात पन्नाशीत गेले.
दात कोरून पोट भरतं का, म्हणायची,
आणि सगळ्यांच्या मागून बसून
गार वरणभात कालवून गिळायची.
आम्हाला वाटायचं, तिला आवडतो.

डॉक्टर तस्नीमनी कुठलंसं बटण दाबलं.
पाय वर आले, डोकं खाली गेलं,
आणि मंगळवारी दुपारी सव्वाबाराला
मी आडवी झाले.
तोंडात दोन हात, एक आरसा, पाणी ओढणारी नळी.
"दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन."

असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मी एकदा उगाचच करून पाहिला.
मशीन थांबलं.
"दुखतंय?"
मी मान हलवली, नाही.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालेल."

मग त्या घरघरीत, डोळ्यांवर पांढरा दिवा असताना,
मी झोपले.
"थोडं घोरलात," त्या नंतर म्हणाल्या,
आणि कागदावर लिहून दिलं:
गोळ्या सकाळ-संध्याकाळ, तीन तास चावायचं नाही,
बोलणं कमी, आइस्क्रीम.
आइस्क्रीम खाली अधोरेखित.

कोपऱ्यावरच्या दुकानात तोंडातून शब्द नीट येईना.
सवयीने चार बोटं दाखवली,
मग तीन मिटली.
मार्केटमागच्या बाकावर बसून खाल्लं,
लाकडी चमच्याने, अगदी तळापर्यंत.
अर्ध्या जिभेला सीताफळ कळलं,
अर्ध्या जिभेला नुसतं गार.
घरी एक फॅमिली पॅक न्यावा असं मनात आलं.
नेला नाही.

पर्समध्ये फोन थरथरत होता.
हेमंत. मग सासूबाई. मग परत हेमंत.
मी डावा हात वर केला.
बाकावरच्या दुसऱ्या टोकाचे आजोबा दचकले.
फोन थांबला.

जिऱ्याचा डबा हवा होता, घरी गेल्यावर कळलं.
तोवर तो सापडलाही होता, जिथे असतो तिथेच.
मी गालाकडे बोट दाखवलं.
"बोलू नकोस, बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या,
आणि मऊ खिचडी टाकायला उठल्या, तूप जास्त घालून.
शार्दूलने त्याचा निळा मोजा स्वतः शोधला.
एकच सापडला; तसाच खेळायला गेला.

आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कोणाला?
बधिरपणा चारलाच उतरला होता.
मी साडेआठपर्यंत बोलले नाही.

अजून दोन सिटिंग आहेत.
रात्री अंधारात, सगळे झोपल्यावर,
माझी जीभ उजवीकडे गेली
आणि एकेक दाढ चाचपत राहिली,
कुठे काही लागतंय का.