शेवटून दुसरी

काल उलव्याच्या वळणावर वाळू होती.
ती दिसली तेव्हा मी आडवी झाले होते.
कोपर, मांडी, जर्सीचा खिसा
आणि त्यातलं केळं,
सगळं सोललं.

रात्री चादर जखमेला चिकटली.
आईने कोमट पाण्याने सोडवली, आणि एवढंच विचारलं,
उद्या किती वाजता?

इक्बालने वाकलेला हँगर हातानेच सरळ केलाय.
"मोठा गिअर टाकू नको," म्हणाला,
"बाकी देव आणि केबल टाय."

खारघरच्या चढावर घोळका सुटला,
वळणाआड गेला.
मागे रुग्णवाहिका, इतकी हळू
की ड्रायव्हरची जांभई ऐकू यावी.
ब्रेक चाकाला घासत राहिला.
एकच शब्द. एकच शब्द.

पाम बीचवर खाडीचा वारा समोरून.
दिवाळ्याची हेमांगी तांडेल
पोटरी धरून कडेला उभी होती.
मी थांबले नाही, हळू झाले.
ती मागच्या चाकाला लागली.
मग आम्ही न बोलता वारा वाटून घेतला:
थोडा तिला, थोडा मला,
खांबामागून खांब.

बेलापूरला शेवटच्या रेषेवरची कमान
हवा सोडून खाली बसत होती.
आम्ही हँडलवर वाकलो
आणि तिच्याखालून गेलो.

घड्याळवाल्या काकांनी
मिटलेली खुर्ची परत उघडली.